अमरावती ते अकोला : रस्ता, गॅरेज आणि एक पिन

अमरावतीहून अकोल्याला जायला रेल्वे आहे, एसटी आहे, खासगी गाड्याही आहेत. तरी आपल्या वऱ्हाडातला माणूस या दोन शहरांच्या दरम्यान दिसतो तो मोटारसायकलवरच. कुणाची बहीण अकोल्यात दिलेली, कुणाची सासुरवाडी बडनेऱ्याला, कुणाला बोरगाव मंजूला मय्यतीसाठी तातडीने पोहोचायचे असते. अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पुढे टाकीवर लहान मूल, मागे बेगम, हँडलला शिरखुर्म्याचा नाहीतर लोणच्याचा डबा, आणि हेल्मेट बहुधा घरी खुंटीवर. एवढा सगळा संसार दोन चाकांवर निघतो तेव्हा त्या चाकांना कुणी कसे बसवले आहे, हा प्रश्न लहान राहत नाही.

रस्त्याचे म्हणाल तर तो आता चांगला आहे. या रस्त्याचे काम अनेक वर्षे रखडले होते. खड्डे, धूळ आणि वळवलेली वाहतूक यांची आम्हाला इतकी सवय झाली होती की 'अकोल्याला जाऊन आलो' म्हटले की समोरचा आधी कंबर कशी आहे ते विचारायचा. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात एका पट्ट्याचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग करण्यात आले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधील दोहाचा होता, २५ किलोमीटरच्या थोडा वर. माझ्या शाळेतली मुले अजूनही हे मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि सांगावेच.

पण या रस्त्याच्या खाली आणि आजूबाजूला जी जमीन आहे ती काळी कपाशीची जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते. त्यामुळे महामार्ग सोडून गावाकडे वळलात की रस्ता लाटांसारखा होतो. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, इंजिनातले ऑईल पातळ होते आणि बारीक काळी धूळ एअर फिल्टरमध्ये, चेनमध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते. पुण्या-मुंबईच्या गाडीला जे काम वर्षातून एकदा लागते ते आपल्याकडे दोनदा करावे लागते. म्हणून वऱ्हाडात गॅरेज फार, आणि गॅरेजवर अवलंबून राहणेही फार.

अमरावतीत वलगाव रोडने, नागपुरी गेटकडून, इतवाऱ्याच्या आसपास फिरा. दर दहा-वीस दुकानांमागे एक टिनाचे शेड, समोर उभ्या आठ-दहा गाड्या आणि ऑईलने काळी झालेली जमीन दिसेल. आत कुणी उस्ताद, त्याच्या हाताखाली दोन-तीन शागीर्द. यातली बरीच पोरे आपल्याच मोहल्ल्यातली. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंद आहे की मुस्लिम कामगार पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जास्त अवलंबून आहेत, आणि ज्या धंद्यांत त्यांचे प्रमाण जास्त आहे त्यांत मोटारगाड्यांची विक्री आणि दुरुस्ती हा एक आहे. अहवाल न वाचताही हे आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक खानदानात एखादा तरी मेकॅनिक निघतोच.

आणि इथेच अडचण आहे. वाईट कामाबद्दल आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही. "जाऊ द्या, आपलाच पोरगा आहे," "गरीब आहे, सोडून द्या." चुलतभावाच्या गॅरेजवर गाडी बिघडली तर माणूस गुपचूप दुसरीकडे जातो आणि लग्नात भेट झाली की तोंड चुकवतो. ना त्या भावाला आपले काय चुकले ते कळते, ना त्याच्या हाताखालच्या पोराला. नाते तुटते ते तुटतेच, कामही सुधारत नाही. शिंप्याने सदरा बिघडवला तर ईदच्या दिवशी थोडी लाज वाटते, एवढेच. मोटारसायकलचे तसे नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अकोल्याला पत्नीच्या मामूंकडे दावत होती. निघण्याच्या दोन दिवस आधी मी अमरावतीतल्या एका बऱ्यापैकी मोठ्या गॅरेजमध्ये गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली. मागचे ब्रेक शू नवे टाकले, ऑईल बदलले, गाडी धुऊन चकाचक करून दिली. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका दुकानाचा नाही. बडनेरा मागे पडले, कुरूम गेले. मूर्तिजापूर जवळ येत होते तेव्हा पत्नी म्हणाली, "अजी, ब्रेक मारला की मागे काहीतरी खट् वाजतंय." मला हवेच्या आवाजात काही ऐकू येत नव्हते. तिला मात्र पाय ठेवलेल्या जागी धक्का जाणवत होता. मी गाडी हळू केली आणि कडुनिंबाखालच्या एका टपरीवजा गॅरेजसमोर उभी केली.

तिथला मिस्त्री तरुण होता, विशीतला. त्याने गाडी स्टँडवर घेतली, चाक फिरवले, वाकून पाहिले आणि हात पुसत विचारले, "भाऊ, हे चाक कोनं खोललं होतं?"

मी सांगितले.

"पिनच नाही टाकली त्यानं. नट गळून गेला रस्त्यात. बोल्टबी अर्धा बाहेर आला पाहा. आता इथून पुढं कुठी जोरात ब्रेक मारला असता, तं हे पूर्ण पॅनल चाकासंगं फिरलं असतं. मंग चाक जाम."

ज्यांना गाडीच्या पोटात डोकावायची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रमचा ब्रेक असलेल्या गाडीत मागच्या चाकाच्या बाजूला एक गोल झाकण असते, ब्रेक शू त्याच्या आत असतात. ब्रेक दाबला की शू फिरणाऱ्या ड्रमला घासतात आणि ते झाकणही चाकाबरोबर फिरायला बघते. त्याला धरून ठेवण्यासाठी एक लोखंडी पट्टी असते. तिचे एक टोक झाकणाला, दुसरे गाडीच्या मागच्या फोर्कला. त्या बोल्टच्या नटला आडवी एक स्प्लिट पिन घालून तिची टोके वाकवतात, म्हणजे हादऱ्याने नट सैल झाला तरी निघून पडत नाही. पिन पाच रुपयांची असते. तिच्या पलीकडे टाकीवर बसलेले मूल आहे, मागे बसलेली त्याची आई आहे आणि पाठीमागून येणारा ट्रक आहे.

त्या तरुणाने नट टाकला, नवी पिन टाकली, टोके वाकवली, मग मला वाकून पाहायला लावले. पैसे विचारले तर म्हणाला, "वीस रुपये द्या." मी मोबाईलवर त्या रिकाम्या बोल्टचा फोटो त्याने हात लावण्याआधीच काढून घेतला होता. त्याचा उपयोग पुढे झाला.

मूर्तिजापूर म्हटले की मला दुसरीच एक गोष्ट आठवते आणि ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. यवतमाळ ते अचलपूर जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचे हे जंक्शन. त्या अरुंद रुळांवर १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले एक वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. सत्तर वर्षांहून अधिक! कारखाना समुद्रापार, सुटे भाग बाजारात नाहीत, आणि तरी ते चालत राहिले. इंग्रजांनी बनवले चांगले, हे खरे. पण सत्तर वर्षे ते ज्यांनी उघडले, साफ केले आणि पुन्हा नीट बसवले ती माणसे आपल्या वऱ्हाडातली होती. त्यांच्या हातातही पानाच होता. आता शकुंतला बंद पडली आहे. त्या फिटर लोकांची नावे कुठे लिहिलेली मला तरी सापडली नाहीत.

काटेपूर्णेचा पूल ओलांडून कुरणखेड, मग बोरगाव मंजू, मग कृषी विद्यापीठाची हिरवी झाडे दिसू लागली की अकोला आले. मामूंचे घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. दावत झाली, आणि पिनेची गोष्ट दस्तरखानावरच निघाली. मामू म्हणाले, "आता पूर्ण गाडीच दाखवून घे. जिथं पिन विसरली तिथं अजून काय विसरलं असेल, कोण जाणे." आणि ते मला त्यांच्या ओळखीच्या एका उस्तादाकडे घेऊन गेले.

हे उस्ताद साठीच्या पुढचे. गल्लीच्या तोंडाशी दहा बाय बाराची जागा. पण ती पाहून मला माझ्या आजीचे स्वयंपाकघर आठवले. पाने मापाप्रमाणे भिंतीवर टांगलेले. जमिनीवर एक ॲल्युमिनियमची परात, उघडलेल्या गाडीचा प्रत्येक भाग त्या परातीत. एका गाडीचे सामान एका परातीत, दुसऱ्या गाडीचे दुसरीत. मी म्हटले, "चाचा, उरलेल्या स्क्रूंचा डबा दिसत नाही तुमच्याकडे." ते हसले. "उरतीलच काऊन? जेवढं खोललं तेवढं लावाचं. परात रिकामी झाली का गाडी झाली."

त्या दिवसापासून मी कुठल्याही गॅरेजमध्ये गेलो की तो डबा शोधतो. बहुतेक ठिकाणी असतो. गंजलेले स्क्रू, वायसर, रबरी बुश, क्लिपा यांनी भरलेला. यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी गाडीत असायला हवी होती.

उस्तादांनी माझी गाडी तपासायला पाऊण तास घेतला आणि बोलत बोलत तपासली. ऑईलचा ड्रेन बोल्ट हाताने हलवून पाहिला, मग पान्याने. "याचे आटे गेले," म्हणाले. इंजिनाचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा असतो, बोल्ट लोखंडाचा. घाईत हवेच्या गनने किंवा लांब दांड्याच्या पान्याने आवळला की बोल्टचे काही बिघडत नाही, इंजिनाचे आटे मात्र कापले जातात. मग तिथून थेंब थेंब ऑईल गळते आणि पुढच्या वेळी मिस्त्री तिथे टेप गुंडाळतो. खरे तर बोल्ट आधी हाताच्या बोटांनी जाईल तेवढा घालायचा, खालचा वायसर नवा टाकायचा आणि मग बेताने आवळायचा. प्लगचेही तेच.

चेन त्यांनी एका जागी पाहिली नाही. चाक थोडे थोडे फिरवत चार-पाच ठिकाणी दाबून पाहिली, कारण जुनी चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली असते. मधोमध बोटाने वर-खाली केली तर साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलावी. अमरावतीच्या गॅरेजने ती तारेसारखी ताणली होती. ताणलेली चेन आवाज करत नाही, म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण मागे माणूस बसला की ती आणखी ताणली जाते आणि बेअरिंग, सॉकेट दोन्ही खाते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना रेषा असतात, त्या सारख्या नसल्या तर चाक तिरके बसलेले असते. हे तर घरी मुलगाही पाहू शकतो.

मग ऑईल. शंभर सीसीच्या गाडीला साधारण पाऊण ते एक लिटर ऑईल लागते, किती आणि कोणते ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. मोटारसायकलचा क्लच ऑईलमध्येच बुडलेला असतो, म्हणून तिचे ऑईल वेगळे. कारचे स्वस्त ऑईल टाकले की क्लच घसरू लागतो आणि मग तोच मिस्त्री क्लच प्लेटचा खर्च सांगतो. उस्तादांनी एक सवय सांगितली ती माझ्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे: बंद डबा आपल्यासमोर उघडायचा, आणि ऑईल टाकून झाले की रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडायचे. चांगल्या कंपनीचे रिकामे डबे विकत घेणारे फिरत असतात, ते कशासाठी घेतात हे सांगायला नको.

टॅपेट गाडी थंड असतानाच सेट करायचे असतात. ऊन खात, पळवत आणलेल्या गाडीचे टॅपेट कुणी लगेच सेट करून देत असेल तर तो वेळ वाचवतो आहे, तुमचे इंजिन नाही. आणि धुणे! जोराच्या पाण्याने गाडी धुतली की ती चमकते, पण पाणी बेअरिंगमध्ये आणि वायरच्या जोडांत जाते. धुतल्यावर चेनला ऑईल न लावता गाडी दिली तर दोन दिवसांत ती लाल होते. माझी लाल झालीच होती.

नव्या गाड्यांविषयी विचारले तेव्हा उस्ताद थोडे गप्प झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या. कार्बोरेटर जवळपास गेला, त्याच्या जागी पेट्रोलचे इंजेक्शन आणि सेन्सर आले. "माहे कान होते," ते म्हणाले. "आवाजावरून सांगत होतो काय बिघडलं. आता गाडी चूप राहते आन् पिवळा लाईट लावते." बिघाड वाचायला स्कॅनर लागतो. तो नसला की मिस्त्री अंदाजाने एकेक भाग बदलत जातो, आणि प्रत्येक भागाचे पैसे गिऱ्हाईक देते. एअर फिल्टरही बदलला. बऱ्याच नव्या गाड्यांत तो तेलकट कागदाचा असतो. तो हवा मारून साफ करायचा नसतो, ठरलेल्या अंतरावर बदलायचाच असतो. पण आपल्या धुळीत तो लवकर भरतो, आणि गॅरेजवाला सवयीने हवा मारून तोच परत बसवतो. वाईट हेतू नसतो त्यात. त्याला शिकवणाऱ्याने जे शिकवले ते तो करतो आहे.

म्हणून उस्तादांनी स्वतःच्या नातवाला गॅरेजवर बसवण्याआधी आयटीआयला घातले. दुचाकी-तीनचाकी मेकॅनिकचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा. नातू दुपारनंतर त्यांच्याकडे येतो. आजोबा त्याच्याकडून वायरिंगची आकृती समजून घेतात आणि तो आजोबांकडून हात शिकतो. शाळा सोडून दहा-बारा वर्षांच्या पोराला 'काम तरी शिकेल' म्हणून गॅरेजवर ठेवणाऱ्या आईबापांना हे सांगावेसे वाटते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला असे कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या पोराला पुढची गाडी दुरुस्त करता येणार नाही.

मामूंची सून बाजूच्या गावात शाळेत शिकवते, रोज स्कूटरने जाते. ती घरी बोलली ते मला महत्त्वाचे वाटले. "भाईजान, मी गॅरेजमध्ये गेले तर मिस्त्री माझ्याशी बोलतच नाही. 'शौहरला पाठवा' म्हणतो. गाडी मी चालवते, आवाज मला येतो, आणि सांगायचं यांनी!" तिने उपाय काढला आहे. वहीच्या पानावर लिहून नेते: काय होते, केव्हा होते, थंड गाडीला की गरम, किती वेगाला. कारण ती लिहीत नाही, फक्त लक्षण लिहिते. खाली किलोमीटरचा आकडा आणि तारीख. ते पान मिस्त्रीला देते आणि त्याचा फोटो स्वतःकडे ठेवते. हे बायकांसाठीच कशाला, सगळ्यांसाठीच चांगले आहे. आपण 'क्लच गेला' म्हणून गाडी देतो आणि तो खरेच क्लच बदलून देतो, मूळ दुखणे तसेच राहते. डॉक्टरकडे जाऊन आपण 'मला टायफॉईड झालाय' म्हणत नाही, 'चार दिवस ताप आहे' म्हणतो.

जुना भाग परत मागणे हेही तिने सुरू केले. आधी मिस्त्रीला राग आला, आता तो स्वतःच पिशवीत बांधून देतो.

अमरावतीला परतल्यावर मी त्या गॅरेजमध्ये गेलो. जाण्याआधी घरात दोन मते होती. माझा धाकटा भाऊ म्हणाला, ग्राहक आयोगात तक्रार टाक. तसा रस्ता आहे, आणि आपल्या लोकांना तो माहीत असायला हवा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन केलेल्या कामातला निष्काळजीपणा ही 'सेवेतील त्रुटी'. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे काम अकोल्यात बिघडले असले तरी अमरावतीचा माणूस अमरावतीत दाद मागू शकतो. मुदत दोन वर्षांची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असे नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर फोन करता येतो, आणि मोठ्या शोरूमच्या बाबतीत कधी कधी तेवढ्यानेच काम होते. मात्र बिल हवे. चिठ्ठीवर का होईना, काय केले, किती घेतले आणि तारीख हे लिहून घ्यायला हवे, आणि पैसे मोबाईलवरून दिलेले बरे. शोरूममध्ये गाडी टाकताना जॉब कार्डवर आपण सांगितलेल्या तक्रारी खरोखर लिहिल्या आहेत का ते वाचूनच सही करावी. 'जनरल सर्व्हिस' एवढेच लिहून घेण्याची त्यांची सवय असते.

पण माझे मत वेगळे होते. शोरूमविरुद्ध, जिथे हजारोंचे बिल झाले आणि कुणी ऐकत नाही तिथे, आयोगात जरूर जावे. दीडशे रुपये मजुरीच्या कामासाठी मी आधी त्या माणसासमोर बसणार होतो. गाडी दिली म्हणजे अमानत दिली, हे त्यालाही माहीत असते. त्याला ते आठवून देण्याची संधी द्यायला हवी.

दुपारची, गर्दी नसलेली वेळ निवडली. काम करणाऱ्या पोराला काही न बोलता सरळ मालकाला भेटलो. बिल आणि फोटो समोर ठेवला. पहिले उत्तर तेच आले जे सगळीकडे येते: "आमच्याकडे असं होतच नाही." दुसरे आले, "रस्त्याने हादरून पडला असेल." मी म्हटले, "नट हादऱ्याने पडू नये म्हणूनच तिथं पिन असते, भाई. फोटोत बोल्टचं छिद्र पाहा. तिथं पिन तुटल्याची खूण नाही, घासही नाही." त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग गल्ल्यातून मजुरीचे दीडशे रुपये काढून माझ्यासमोर ठेवले.

मी म्हटले, "हे राहू द्या. त्या दिवशी याच पोरानं अजून कोणाकोणाचं मागचं चाक खोललं होतं?"

हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी रजिस्टर काढले. त्या दिवशी मागच्या ब्रेकचे काम पाच गाड्यांचे झाले होते, त्यातली एक माझी. ते काम करणारा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. त्याला मालकाने विचारले तेव्हा तो हळूच म्हणाला, "पिना संपल्या होत्या, उस्ताद. शनिवारी आणतो म्हणले होते तुम्ही." मालकाने मान खाली घातली.

चार फोन झाले. एक नंबर बंद होता. एक माणूस म्हणाला, गाडी विकली. दोघे संध्याकाळी आले. मी तोवर थांबलो, चहा झाला, अस्रची नमाज त्याच गल्लीतल्या मशिदीत झाली. पहिल्याच्या गाडीला पिन होती, जुनीच वाकवून परत घातलेली. दुसऱ्याच्या गाडीला नव्हती, नट अर्ध्यावर आला होता. तो माणूस वलगावकडून रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून अमरावतीत येतो.